पोट असलेली बावली

मालवणच्या बाजारात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक कपड्यांचं दुकान आहे. तिथे मी कामाला लागले तेव्हा काचेमागे चार डमी उभ्या होत्या. चारही गोऱ्या, उंच, मान जरा वळवलेल्या, आणि एकीलाही पोट नव्हतं. गिऱ्हाईक बायका त्यांना बावली, म्हणजे बाहुली, म्हणायच्या.

दर शनिवारी त्यांचे कपडे बदलायचं काम माझं. आचऱ्याहून सकाळच्या एसटीनं यायचं, दुकान झाडून घ्यायचं आणि बावल्यांना नवीन कुर्ते चढवायचे. कुठलाही कुर्ता त्यांच्या अंगाला नीट बसत नसे. माणसासाठी शिवलेला कपडा त्यांच्या अंगावर लोंबायचा. मग पाठीमागून टाचण्या आणि कपडे वाळत घालायचे चिमटे लावून तो आवळायचा. समोरून बघणारीला वाटावं, काय अंगाबरोबर बसलाय! मागच्या बाजूचे चिमटे फक्त मला ठाऊक.

बायका यायच्या देवबागहून, मसुऱ्याहून, कट्ट्याहून. काचेवर बोट ठेवून म्हणायच्या, "त्या बावलेच्या अंगावरचो ड्रेस माका होयो." मी त्यांच्या मापाचा शोधून द्यायची, नसला तर जवळपासचा द्यायची. त्या पडद्यामागे जायच्या. पडद्याच्या बाहेर उभं राहून मला कळायचं, आत काय चाललंय. आधी कापड डोक्यावरून जायचा आवाज, मग थोडी ओढाताण, मग काहीच नाही. बाहेर येताना ड्रेस हातात घडी केलेला आणि चेहरा उतरलेला. काहीजणी कंपनीला शिव्या घालायच्या, "मेले कापड वाचवतत." बहुतेकजणी हसून म्हणायच्या, "माजांच आंग वाढलां गो." मी म्हणायची, "यात मोठं माप येत नाही, ताई." दिवसाकाठी हे वाक्य कितीदा म्हटलं असेन त्याला हिशेब नाही.

ते म्हणणारी मी स्वतः लहानपणापासून जाड. आमच्या घरी त्याला जाड म्हणत नसत. आई म्हणायची, "आमच्या घराण्याचां हाडच मोठां." बाबा मी शाळेत असतानाच गेले. आईनं पाच-सहा माड, थोडे काजू आणि परसातली भाजी यांच्यावर आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. मला बघायला माणसं आली, चहा-पोहे झाले, आणि मध्यस्थाकडून निरोप यायचे. मुलगी चांगली आहे, पण अंगानं जरा जास्त वाटते. हळूहळू माणसं यायची बंद झाली. मला त्याचं फार दुःख झालं असं नाही. दुकान होतं, एसटी होती, घरी आई होती. पण माझी बहीण माझ्यापेक्षा दहा वर्षांनी धाकटी, हाड तेच, आणि तिला बघायला माणसं येण्याचे दिवस नुकते कुठे सुरू झाले होते.

दुकान एका मुसलमान कुटुंबाचं. म्हाताऱ्या मालकांना सगळा बाजार चाचा म्हणायचा. त्यांची धाकटी सून रत्नागिरीकडची, शिकलेली. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती दुकानात बसायला लागली. तिला मी भाभी म्हणायची आणि ती मला आपा, म्हणजे मोठी बहीण.

पहिल्याच ईदला चाचांनी तिला सांगितलं, दुकानातला आवडेल तो ड्रेस घे. तिनं तीन-चार निवडले आणि पडद्यामागे गेली. मी सवयीनं बाहेर उभी. कापडाचा आवाज, ओढाताण, मग शांत. ती बाहेर आली ती आपल्या जुन्याच ड्रेसमध्ये. आधी हसली. मग गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसली आणि निवडलेल्या ड्रेसांच्या घड्या घालायला लागली.

"आपा," शेवटी ती म्हणाली, "आपलंच दुकान आणि मलाच कपडा नाही."

त्यानंतर ती दुकानात बसून बायका बघायला लागली. कोण येतं, काय मागतं, कोण रिकाम्या हातानं जातं. एक दिवस तिनं चाचांजवळ विषय काढला. आपण एक मोठ्या अंगाची डमी आणूया. आपल्या बायका जशा असतात तशी.

चाचा म्हणाले, "बेटा, कपडा सुरेख दिसला तर खपतो. जाड्या बावलीवर काय सुरेख दिसणार?"

"अब्बा, घेणाऱ्या बायका कशा आहेत ते बघा ना."

चाचांनी रस्त्याकडे बघितलं. बाजाराची वेळ होती. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई, हाताला मूल धरलेल्या दोघीजणी, बँकेतल्या मॅडम. चाचा बघत राहिले आणि म्हणाले, "बरं. एक आण."

डमी कोल्हापुरातून मागवली. फोंडाघाट उतरून टेम्पो आला तेव्हा आम्ही दोघी लहान मुलींसारख्या दारात उभ्या होतो. पुठ्ठे फाडले, प्लास्टिक काढलं. आणि भाभी जी हसायला लागली ती थांबेचना. डमी मोठ्या मापाची होती खरी. छाती भरलेली, कंबरेखाली रुंद. पण पोट सपाट! कंबर आत गेलेली. दंड काठीसारखे.

"आपा, बघ की! जाड्या बाईलासुद्धा ह्यांनी पोट दिलं नाही."

परत पाठवायची सोय नव्हती. भाभीनं माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "तू रागावणार नसशील तर एक सांगू?"

दुपारी बाजार ओसरल्यावर मागच्या खोलीत तिनं माझं माप घेतलं. आजवर मला टेपनं मोजलं होतं ते शिंप्यांनी. त्यातला प्रत्येकजण दंडापाशी आला की 'च्' करायचा आणि म्हणायचा, कापड जास्त लागेल. भाभीनं काही म्हटलं नाही. छाती, पोट, बेंबीखालचं पोट, दंड, मानेमागचा उंचवटा, सगळं मोजलं आणि आकडे हातावर लिहून घेतले. मग आम्ही दोघींनी जुन्या गोधडीतला कापूस आणि पलंगाच्या गादीचा फोम घेऊन त्या डमीला अंग दिलं. वरून पांढऱ्या मांजरपाटाचं अस्तर शिवून ताणून बसवलं. दोन दुपारी गेल्या त्यात. तयार झाल्यावर मी तिच्या पोटाला हात लावून बघितला. मऊ होतं.

त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून मी आचऱ्यापर्यंत उगाच हसत गेले. शेजारच्या बाईनं विचारलं सुद्धा, "लगीन ठरला की काय गो?"

डमी काचेमागे मधोमध ठेवली. निळ्या सुती कापडाचा, पांढऱ्या बुट्ट्यांचा कुर्ता चढवला. पाठीमागे एकही चिमटा लावावा लागला नाही. मासे विकून परतणारी एक म्हातारी पहिल्यांदा थांबली. रिकामी टोपली कमरेवर धरून तिनं डमीला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग सरळ आत आली आणि तिच्या पोटावर थापटी मारली.

"ह्यां आमच्यावरी आसा गो! हेका दोन-तीन पोरां झालेली दिसतत."

दुकानात होत्या-नव्हत्या तेवढ्या सगळ्या बायका हसल्या. वाईट हसू नव्हतं ते. आंगणेवाडीची जत्रा तोंडावर आली होती, आणि मसुऱ्याची एक बाई तो निळा कुर्ता डमीच्या अंगावरूनच काढून घेऊन गेली. पडद्यामागेही गेली नाही. "तिका झालो म्हणजे माका होतलो," म्हणाली. भाभीनं त्याच दिवशी मोठ्या मापांची ऑर्डर दिली.

हे जेमतेम जत्रेपर्यंत टिकलं.

जत्रा झाल्यावर मुंबईची चाकरमानी माणसं एक-दोन दिवस मालवणात रेंगाळतात, बंदरावर पर्यटक असतातच. काचेसमोर कॉलेजातली मुलं थांबून फोनवर व्हिडिओ काढायला लागली. एकजण डमीच्या शेजारी आपलं पोट फुगवून उभा राहायचा, दुसरा काढायचा. त्यांनी तिला नाव ठेवलं, फुल थाळी. आमच्या रस्त्यावर तीन खानावळी आहेत, बाहेर 'फुल थाळी' लिहिलेले फलक लावलेले असतात, त्यावरून. नाव बाजारात पसरायला वेळ लागला नाही. रिक्षावाले खूण सांगताना म्हणायला लागले, "फुल थाळीच्या बाजूक." मी शनिवारी काचेमागे तिचे कपडे बदलत असताना बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अरे, दोन झाल्या!" मी मान वर केली नाही. हातातली बटणं लावत राहिले.

पोरांचं एक वेळ सोडून देता आलं असतं. पण ज्यांच्यासाठी ती डमी केली होती त्या बायकाच तिच्याकडे बघेनाशा झाल्या. दुकानात शिरताना नजर बाजूला करायच्या. एकीला मी आपणहून म्हटलं, "तो बघा, तुमच्या मापाचा आहे." ती एकदम ताडकन म्हणाली, "माजां माप तुमका कोणी सांगल्यान?" दुसरी एक शांतपणे बोलली, ते जास्त लागलं. "घराक आरसो आसा माजो," ती म्हणाली. "हंय आणखी कशाक?"

एक शाळेतल्या बाई आल्या. अंगानं थेट त्या डमीएवढ्या. तिच्या अंगावरचा हिरवा ड्रेस त्यांना आवडला होता, नजर परत परत जात होती. म्हणाल्या, "हाच जरा त्या बारीकच्या अंगावर घालून दाखवता का?" मी तो उतरवला, लहान मापाचा काढला, गोऱ्या डमीला चढवला, मागून चिमटे लावले. बाईंनी लांब उभं राहून बघितलं. "हां, आता छान दिसतोय," म्हणाल्या, आणि स्वतःसाठी मोठ्या मापाचा बांधून घेऊन गेल्या. भाभी सगळं बघत होती.

"तेच कापड, आपा," ती म्हणाली. 

माझी बहीण तेव्हा कुडाळला एका गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला होती. हसरी, बोलकी, गिऱ्हाइकांना आवडायची. त्या उन्हाळ्यात तिला दोन ठिकाणांहून नकार आला होता आणि दोन्हीकडचा निरोप तोच, मला यायचा तो. आईनं तो तिला सांगितला नाही, पण आमच्या घराच्या भिंती काही फार जाड नाहीत. एका रविवारी तिला सुट्टी होती, ती मालवणला दुकानात आली. मी आतून बघितलं, ती काचेबाहेर उभी होती. बराच वेळ उभी होती. मग आत आली आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली,

"ताई, ही तू आसस."

"होय. माज्या मापाची केलंव. तुका कसां कळलां?"

"दंड तुजे आसत. माका नाय कळतले?" ती डमीकडे पाठ करून बोलत होती. "आमच्या शोरूमातल्या पोरांनी माका फोनार दाखवल्यानी. म्हणाले, तुज्या भैनीच्या दुकानातली फुल थाळी. मी हसलंय. काय करतलंय मगे?"

 मी म्हटलं, "हसू देत गो. चार दिवस हसतले."

"तुका काय? तुजा सगळा झाला." हे बोलल्यावर ती स्वतःच थांबली, पण मागे घेतलं नाही. "माका बगूक माणसां येवची आसत. आणि तू माकाच थंय काचेत उभी करून ठेवलंस. काढ ती."

भाभी गल्ल्यावर होती. तिनं सगळं ऐकलं असावं. बहीण निघून गेल्यावर तिनं चहा मागवला आणि आम्ही दोघींनी तो प्यायला.

गणपतीच्या खरेदीच्या आधी डमी काढली. चाचांनी सांगितलं नव्हतं.  भाभीनंच कात्रीनं अस्तर उसवलं. कापूस पोत्यात भरला, फोम बाजूला ठेवला. आतून परत ती कोल्हापूरची सपाट पोटाची निघाली. काचेमागे तिला जागा उरली नव्हती, म्हणून मागच्या खोलीत रेनकोट टांगायला ठेवली. भाभीला त्यानंतर लवकरच तिसऱ्यांदा दिवस गेले आणि ती दुकानात यायची थांबली. कधीमधी भेटते. डमीचा विषय आम्ही काढत नाही.

बहिणीनं जेवण तोडायला सुरुवात केली होती. आधी रात्रीचा भात बंद केला, मग सकाळची पेज. शोरूममधल्या कुणीतरी कसलीशी पावडर दिली होती, ती ताकात घालून प्यायची. पहाटे किनाऱ्यावर चालायला जायची. आई कुरकुरायची, बांगडा तळून तिच्या पुढ्यात ठेवायची, आणि ती ताट सरकवायची. वजन मात्र फारसं हलत नव्हतं. आमचं हाडच तसं.

दिवाळीनंतर मात्र ती एकदम उतरायला लागली. महिन्या-दीड महिन्यात गालफडं दिसायला लागली, गळ्याची हाडं वर आली, ड्रेस खांद्यावरून घसरायला लागले. आणि सगळं गाव तिच्यावर खूश! एसटीतली कंडक्टर, देवळातल्या बायका, शेजारची काकी, जो भेटेल तो म्हणायचा, "बरी बारीक झालंस गो! कसां केलंस?" ती लाजून हसायची. आईचा विरोध मावळला. आई लोकांना सांगायला लागली, "मनार घेतल्यान तिणां. मनार घेतला की सगळां होता." देवगडकडचं एक स्थळ आलं, मुलानं बघताक्षणी होकार दिला. साखरपुडा ठरला.

साखरपुड्यासाठी ड्रेस घ्यायला ती आमच्याच दुकानात आली. काचेतला गुलाबी तिला हवा होता. मी लहान माप दिलं आणि पडद्याबाहेर उभी राहिले. आतून ओढाताणीचा आवाज आला नाही. ती बाहेर आली, आरशासमोर उभी राहिली, गिरकी घेतली. तो गुलाबी रंग तिला फार शोभला. चाचा गल्ल्यावरून म्हणाले, "माशाल्ला!" मीही म्हटलं, "किती सुंदर दिसतंस गो." खरंच दिसत होती. मग तिनं माझी पाण्याची बाटली उचलली आणि उभ्या उभ्या सगळी संपवली. शेजारच्या खानावळीत बाथरूमला जाऊन आली आणि परत पाणी मागितलं.

"केदां पाणी पितंस?" मी विचारलं.

"उकाडो आसा," ती म्हणाली.

थंडीचे दिवस होते ते.

साखरपुड्याला आठवडा राहिला असताना एका सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. आईला वाटलं, पित्त. दुपारपर्यंत ती धापा टाकायला लागली, जणू कुठूनतरी पळत आली आहे. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. आईनं हाक मारली तर डोळे उघडायची आणि परत मिटायची. शेजारच्यांची गाडी घेऊन आम्ही तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. पूर्ण वाटेत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मला ते किती हलकं लागतंय याची भीती वाटत होती.

तिथे तरुण डॉक्टरीण होती. रक्त तपासायला पाठवलं, सलाईन लावलं, आणि आईला विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

आई म्हणाली, "उतरूक नाय, डॉक्टर. तिणां उतरवल्यान."

डॉक्टरीण आईजवळ येऊन बसली. मग तिनं समजावून सांगितलं. साखर भयंकर वाढली होती. शरीरात इन्सुलिन तयार होणं थांबलं होतं, अन्न अंगी लागत नव्हतं, म्हणून शरीर आपलंच मांस नि चरबी जाळत होतं. तहान त्याचीच, वजन उतरलं तेही त्याचंच. हा तरुण वयात होणारा मधुमेह; पावडरीचा किंवा उपाशी राहण्याचा यात दोष नव्हता. रोज इंजेक्शन घ्यावं लागेल, कायमचं. "आणखी एक दिवस उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं," ती म्हणाली. आणि मग, जणू स्वतःशीच, "इतकी खंगली होती, कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

आईनं पदर तोंडाला लावला. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं कसं म्हणायचं? सगळ्यांच्याच आलं होतं.

बहीण बरी होऊन घरी आली. देवगडकडून निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण आयुष्यभराचं इंजेक्शन म्हणजे, तुम्हीच विचार करा. यावेळी आईनं निरोप लपवला नाही; लपवायला बळच उरलं नसावं. बहिणीनं ऐकून घेतला आणि माडाखाली जाऊन बसली.

इंजेक्शनं सुरू झाली तसं अन्न अंगी लागायला लागलं. गाल भरले, डोळ्यांखालचं काळं गेलं. मला तिला बघून बरं वाटायचं. दोन-तीन महिन्यांत ती पुष्कळशी पूर्वीसारखी झाली आणि गुलाबी ड्रेसची चेन लागेना. रामनवमीला देवळात शेजारच्या काकीनं सगळ्यांदेखत तिचा दंड चिमटीत धरला. "गो बाय, परत सुटलंस गो! येवढी बारीक झाल्लंस मरे!" काकीच्या मनात काही वाईट नव्हतं. बहीण हसली. मी तिचा चेहरा बघत होते. ते हसू मला ओळखीचं होतं, दुकानात पडद्यातून बाहेर येणाऱ्या बायकांचं.

त्यानंतर ती परत उतरायला लागली. आमच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात तिची इंजेक्शनाची पेनं असायची. एक दिवस माशांचा डबा ठेवताना मी सहज एक उचलून बघितलं. संपायला आलेलं असायला हवं होतं ते जवळजवळ भरलेलं होतं. मी ते हातात घेऊन तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ती व्हरांड्यात केस विंचरत होती.

"ह्यां काय?"

तिनं बघितलं. खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "घेतलंय तर जाड होतंय," ती म्हणाली. "नाय घेतलंय तर बारीक. माका समाजलां आता."

"अगो, मरतलंस तू!"

"थोडां थोडां घेतंय मी. मरूक नाय होणा तितक्या." ती फणी खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. "ताई, तेवां लोक माका बगून कसे बोलायचे ता तुका आठावता? माज्या आख्ख्या आयुष्यात तसां कोणी बोललां नाय. फक्त तेवां. मी मरणाच्या दारात होतंय तेवां."

मी पेन घेऊन तशीच आत गेले. 

मी आईला सांगितलं. आईनं रडून घर डोक्यावर घेतलं, देवाचा कौल लावला, स्वतः समोर उभं राहून तिला इंजेक्शन घ्यायला लावू लागली. बहीण सुई टोचल्यासारखं करायची आणि औषध बाहेर सोडायची. हे आम्हाला ती दुसऱ्यांदा दवाखान्यात गेली तेव्हा कळलं. तीच डॉक्टरीण होती. ती रागावली नाही. म्हणाली, असं करणाऱ्या मुली असतात, मी आधीही बघितल्यात. तिनं कोल्हापूरला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आम्ही घाट चढून दोनदा गेलो. बहीण त्यांच्यासमोर नीट बसायची, सगळ्याला हो म्हणायची. तिसऱ्या वेळी एसटी स्टँडवर म्हणाली, "माका नाय येवचां." आणि बाकावरून उठली नाही. गाडी निघून गेली.

याला आता काही वर्षं झाली. शोरूमचं काम सुटलं, कारण स्क्रीनवरची अक्षरं तिला नीट दिसेनात. पायाला मुंग्या येतात, रात्री तळवे जळतात म्हणते. मी अजून त्याच दुकानात जाते, तेच काम करते. घरी आले की आधी फ्रिज उघडून पेन बघते. कधी कमी झालेलं असतं, आणि त्या दिवशी मला जेवण जातं. पण कमी झालं म्हणजे ते तिच्या अंगात गेलं की मोरीत, हे मला कसं कळणार?

या मे महिन्यात मुंबईहून आमची मामेबहीण आली होती, तिची मुलगी घेऊन. मुलगी बारा-तेरा वर्षांची, गुटगुटीत, आमच्याच हाडाची. दुपारी सगळ्या माजघरात जेवायला बसल्या होत्या. माझी बहीण भिंतीला टेकून बसली होती, भाताला बोटं लावून. मामेबहिणीनं तिच्याकडे कौतुकानं बघितलं आणि मुलीला कोपरानं ढोसलं.

"बघ, मावशी कशी बारीक आहे अजून. शीक जरा तिच्याकडून काहीतरी."

आई सोलकढी वाढत होती, तिचा हात थांबला. मी बहिणीकडे बघितलं. ती हसली. खरं, मनापासूनचं हसू, किती महिन्यांत मी ते पाहिलं नव्हतं. तिनं ओढणीआडचा हात बाहेर काढून केस मागे सारले.

मुलगी तिच्याकडे टक लावून बघत होती. मग घास ताटात परत ठेवून तिनं विचारलं, "मावशी, तू काय काय खात नाहीस?"

बहीण तिच्याकडे सरकून बसली आणि हळू आवाजात तिला सांगायला लागली.